पिकअपच्या नाकाखालची पट्टी : ठेवावी की काढावी?

चंद्रपूर-गडचिरोलीत पावसाळा लागला की गॅरेजांच्या मागच्या भंगारात काळ्या प्लास्टिकची भर पडू लागते. पिकअपच्या पुढच्या बंपरखाली असतात त्या पट्ट्या. कुणाची रपट्याच्या तोंडाशी तुटलेली, कुणाची बांधीत उतरताना धुऱ्याला अडकून मधोमध चिरलेली, कुणाची मालकानेच वैतागून ओढून काढलेली. कंपन्या या भागाला एअर डॅम म्हणतात. मेकॅनिकच्या तोंडी ती नुसती ‘खालची पट्टी’ असते. ती तुटली की प्रश्न दरवेळी तोच पडतो : नवी बसवायची, की गाडी तशीच चालवायची? ज्यांची अजून शाबूत आहे ते विचारतात, तुटायच्या आधीच काढून ठेवली तर बिघडतं काय?

यावर दोन मतं ऐकू येतात आणि दोन्ही ठाम असतात. एक म्हणतं, कंपनीच्या इंजिनिअरांनी लावली आहे म्हणजे कामाचीच असणार. काढली की ॲव्हरेज पडेल, इंजिन तापेल. दुसरं म्हणतं, ही शोभेची वस्तू, शहरातल्या गुळगुळीत रस्त्यांसाठी केलेली; जंगलात तिचा उपयोग फक्त तुटण्यापुरता. दोन्ही बाजूंकडे थोडं थोडं खरं आहे. पण गाडी कुठल्या रस्त्यावर, किती वेगाने आणि कुठल्या महिन्यात चालते, हे विचारल्याशिवाय दोघांपैकी कुणालाही उत्तर देता येणार नाही. या दोन जिल्ह्यांत तर एकाच गाडीचं उत्तर मे महिन्यात एक आणि ऑगस्टमध्ये दुसरं निघतं.

आधी पट्टीचं काम बघू. पिकअपचं पोट कारसारखं सपाट नसतं. चेसिसचे गर्डर, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट, सायलेन्सर, मागचा गोळा, पाटे असं सगळं उघडं लोंबत असतं. गाडी धावते तेव्हा बंपरखालून शिरणारी हवा या प्रत्येक भागावर आदळते, घुटमळते आणि गाडीला मागे ओढते. पट्टी ही हवा तोंडापाशीच अडवते आणि बाजूंनी, वरून वळवते. त्याचा दुसरा परिणाम जास्त महत्त्वाचा आहे. पट्टीच्या मागे, म्हणजे इंजिनच्या खाली, हवेचा दाब कमी होतो. रेडिएटरच्या पुढे दाब जास्त आणि मागे कमी असला, की जाळीतून हवा जोरात खेचली जाते आणि इंजिनभोवतीची तापलेली हवा खालून बाहेर पडते. तिसरं काम गाडीचं नाक रस्त्याला धरून ठेवण्याचं. ते भरधाव कारला लागतं. आपल्या पिकअपच्या वेगात त्याचा हिशेब न केला तरी चालेल.

ही पट्टी ट्रकांपर्यंत पोचली ती इंधनाच्या टंचाईमुळे. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेने १९७५ साली कायदा करून कंपन्यांना गाड्यांच्या सरासरी मायलेजचं बंधन घातलं. इंजिन बदलणं महाग, गाडीचा आकार बदलणं त्याहून महाग; बंपरखाली प्लास्टिकची पट्टी लावणं सगळ्यांत स्वस्त. तिकडच्या पिकअप ताशी ११० किलोमीटरच्या वेगाने तासन् तास धावतात, तेव्हा तिथे तो हिशेब बसला. काही मोटारींत तर ती पट्टी पूर्ण शीतकरणाचा आधार झाली. १९८० च्या दशकातली शेवरले कॅमेरो आणि कॉर्व्हेट या गाड्या रेडिएटरसाठीची बहुतेक हवा बंपरच्या खालून घेत. पट्टी तुटलेली असली की महामार्गावर त्यांचं इंजिन तापे, आणि मालक थर्मोस्टॅट बदलत बसत. ‘पट्टी काढली तर इंजिन तापतं’ या म्हणण्याला त्या गाड्यांपुरता पक्का पुरावा आहे. मात्र तो आपल्या पिकअपला जसाच्या तसा लावता येत नाही, कारण आपल्याकडच्या बहुतेक पिकअपची जाळी समोर, उंच आणि उघडी असते.

आपल्याकडे हा प्रश्न तसा नवा. चंद्रपूर जिल्ह्यातून २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा झाला तेव्हा या मुलखात जंगलखात्याची आणि प्रवासी वाहतुकीची गाडी म्हणजे जीप. तिचं नाक सपाट, बंपर लोखंडी पट्टीचा, खाली काही नाही. पुढे २००५ मध्ये टाटा एस आली, म्हणजे आपला छोटा हत्ती. मग बोलेरो पिकअपने खेडोपाडी जम बसवला, अशोक लेलँडची दोस्त आली, टाटाची योधा आली. यांतल्या साध्या मॉडेलांना पट्टी नसते किंवा नावापुरती असते. इसुझू डी-मॅक्स किंवा टोयोटा हायलक्स या जातीच्या गाड्यांचा आणि नव्या घाटाच्या मालवाहू पिकअपचा चेहरा मात्र प्लास्टिकचा झाला, बंपर खाली उतरला, आणि त्याच्याखाली ही पट्टी किंवा तिची भावंडं, म्हणजे रबरी फ्लॅप, इंजिनखालचं कव्हर, जाळीच्या बाजूचे पडदे, येऊ लागली. त्यामुळे पहिलं काम, आपल्या गाडीला नेमकं काय आहे ते वाकून बघण्याचं. इंजिनखालचं लोखंडी किंवा जाड प्लास्टिकचं कव्हर म्हणजे एअर डॅम नव्हे. ते दगडापासून ऑइल चेंबर वाचवतं, ते काढायचं नाही. रेडिएटरच्या दोन्ही अंगांचे पडदे हवा जाळीतच जावी म्हणून असतात. त्यांनाही हात लावायचा नाही. वाद फक्त खाली लोंबणाऱ्या पट्टीचा आहे.

आता आकडे. अडीच टन वजनाची, भरलेली पिकअप धरू. तिचं समोरून दिसणारं क्षेत्रफळ पावणेतीन चौरस मीटरच्या आसपास, आणि हवेच्या रोधाचा गुणांक ०.४५. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो : वेग दुप्पट, रोध चौपट. या मापांनी ताशी ४० किलोमीटरला हवा गाडीला सुमारे ९ किलोच्या जोराने मागे ओढते, ८० ला ३६ किलोच्या, आणि अमेरिकन महामार्गावरच्या ११२ ला ७० किलोच्या. टायरांचं घर्षण बऱ्या डांबरी रस्त्यावर वेग कितीही असला तरी साधारण ३७ किलोच्या जवळपास राहतं. म्हणजे ८० च्या वेगात हवा आणि टायर यांचा वाटा बरोबरीचा, आणि ४० च्या वेगात हवेचा वाटा पाचवा हिस्सा.

पट्टीमुळे हवेचा रोध पाच टक्के घटतो असं मोकळ्या हाताने धरू. ८० च्या वेगात बचत झाली १.८ किलो ओढीची. इंजिन डिझेलमधल्या ऊर्जेचा तिसऱ्या हिश्शाहून थोडा कमी भाग चाकापर्यंत पोचवतं हे लक्षात घेतलं, तर शंभर किलोमीटरमागे १७० मिलिलिटरच्या आसपास डिझेल वाचतं. लिटरला ९० रुपये भाव धरला तर पंधरा रुपये. चंद्रपूरहून वरोऱ्यामार्गे नागपूर, जाऊन-येऊन तीनशे किलोमीटर, सगळा रस्ता ८० ने गेलात असं मानलं तरी फेरीमागे अर्धा लिटर. तेच आलापल्ली ते भामरागड या सुमारे ६५ किलोमीटरच्या रस्त्यावर सरासरी ४० ने गेलात, तर तिथे पोचेपर्यंत अडीच रुपयेही वाचत नाहीत. नवी पट्टी, क्लिपा आणि मजुरी मिळून दोन हजार खर्च आला असं समजू. नागपूरच्या पंचेचाळीसेक फेऱ्यांत तो वसूल होतो. जंगलातल्या वेगात मात्र पन्नास हजार किलोमीटरहून अधिक लागतात, आणि तेवढ्या प्रवासात ती पट्टी कितीदा तुटेल हे भामरागडच्या ड्रायव्हरला सांगायला नको.

वेगाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जी परदेशी सल्ले वाचणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. आपल्याकडे मालवाहू म्हणून नोंदलेल्या पिकअपला वेगमर्यादक असतो. काटा ८० च्या पुढे जातच नाही. केंद्र सरकारने एप्रिल २०१८ मध्ये ठरवलेल्या कमाल वेगमर्यादांतही मालवाहनांना द्रुतगती आणि दुभाजक असलेल्या रस्त्यांवर ८०, इतर रस्त्यांवर ६० अशीच परवानगी आहे. म्हणजे पट्टीचा जो फायदा तिकडे मोजला जातो, त्यातला जवळपास निम्मा तर आपल्या कायद्यातच वजा होतो. एमएच-३४ किंवा एमएच-३३ च्या पिवळ्या पाटीची गाडी डिझेल वाचवण्यासाठी ही पट्टी सांभाळत असेल, तर ती फारच थोड्यासाठी सांभाळते आहे. खाजगी नोंदणीच्या पिकअपची गोष्ट वेगळी. तिला मर्यादक नसतो आणि तिचा मालक बहुधा नागपूर-अमरावतीपर्यंत मोठ्या वेगाने जातो. त्याला पट्टी परवडते.

‘पट्टी काढल्यावर माझं ॲव्हरेज एकाने वाढलं’ किंवा ‘एकाने पडलं’ असं सांगणारे भेटतात. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही, पण टाकी फुल ते फुल या पद्धतीत दोन-अडीच टक्क्यांचा फरक दिसूच शकत नाही. समोरून वारा आला, एका फेरीत पोती जास्त भरली, मूलच्या रस्त्यावर गुरं बसलेली होती म्हणून चार वेळा गिअर टाकावे लागले, की तेवढा फरक सहज गिळला जातो. इंजिनिअर हा रोध मोजतात तेव्हा सपाट, सरळ ट्रॅकवर गाडी न्यूट्रलमध्ये सोडून वेग किती वेळात उतरतो ते दोन्ही दिशांनी, पुन्हा पुन्हा बघतात. वरच्या मापांची गाडी ८० वरून ६० वर यायला बावीसेक सेकंद घेईल, आणि पट्टीमुळे त्यात अर्ध्या सेकंदाचीही भर पडणार नाही. हाताने घड्याळ दाबून हे कळणार नाही, आणि चालू रस्त्यावर न्यूट्रलमध्ये गाडी सोडून ते करून बघण्याच्या फंदात कुणी पडू नये.

डिझेलचीच चिंता असेल तर लक्ष दुसरीकडे द्यावं. टायरमध्ये हवा कमी असल्याने घर्षण दहाव्या हिश्शाने वाढलं, तरी ते नुकसान ८० च्या वेगात पट्टीच्या बचतीच्या दुप्पट आणि ४० च्या वेगात आठपट भरतं. डाल्यात केबिनच्या वर दोन फूट माल रचून ताडपत्री ओढली, की समोरचं क्षेत्रफळ तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाढतं. फडफडणारी ताडपत्री त्यात आणखी भर घालते. तेंदूपत्त्याची पोती किंवा तणस असा हलका पण फुगीर माल वाहणाऱ्याने दोरी घट्ट आवळली, माल पुढून उतरता रचला, तर कुठल्याही पट्टीपेक्षा जास्त डिझेल वाचेल. झाडीपट्टीतल्या नाटक मंडळ्यांचा पडदे-पेटाऱ्यांचा माल दिवाळीनंतर गावोगाव वडशाहून निघतो, तो बघितला की माल रचण्यातला हातखंडा काय असतो ते कळतं.

आता शीतकरणाचा मुद्दा. माझ्या मते पट्टीच्या बाजूने बोलण्यासारखा हाच एक भक्कम मुद्दा उरतो, आणि चंद्रपुरात तो हसण्यावारी नेता येत नाही. मे महिन्यात इथला पारा ४५-४६ अंशांवर जातो, काही वर्षी त्याहून वर. डांबराच्या लगतची हवा त्याहूनही तापलेली असते, आणि गाडीचं तोंड तीच हवा घेतं. त्यातच १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांचं नाक आतून दाटीवाटीचं झालं आहे. एसीचं कंडेन्सर, इंटरकूलर आणि रेडिएटर एकामागे एक उभे, मागे धुराची गाळणी तापलेली. हवेला वाट कमी आणि काम जास्त. अशा गाडीत पट्टीमागचा कमी दाब थोडीफार मदत नक्की करतो.

पण कधी करतो? गाडी वेगात असेल तेव्हाच. कोरचीकडचा घाट भरल्या गाडीने दुसऱ्या गिअरमध्ये चढताना, किंवा सुरजागडच्या वाटेवर खनिजाच्या ट्रकांमागे रांगेत असताना, जाळीतून हवा ओढण्याचं सगळं काम पंख्याचं असतं. तिथे पट्टी असली काय, नसली काय. त्यामुळे चढावर गाडी तापली म्हणून कुणी पट्टीला दोष देत असेल किंवा नवी पट्टी विकत असेल, तर त्याचं ऐकू नये. पंख्याचा क्लच, पट्टा, कूलंट, आणि सगळ्यांत आधी जाळी बघावी. आपल्याकडे जाळी फार वाईट प्रकारे भरते. कोळशाच्या खाणींच्या रस्त्यांवरची काळी धूळ, सिमेंट कारखान्यांभोवतीची पांढरी, एटापल्लीकडची लाल, त्यावर पावसाळ्याचा चिखल, आणि हिवाळा सरताना जाळरेषांवरून फिरणाऱ्या वनखात्याच्या गाड्यांना मिळणारं कुसळ्या गवताचं बी. हे बी कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या बोटभर फटीत जाऊन बसतं आणि समोरून जाळी स्वच्छ दिसते. भरलेली जाळी इंजिनला जेवढं तापवते त्याच्या जवळपासही पट्टी नसण्याचा परिणाम येत नाही. जाळी आतून बाहेर, कमी दाबाच्या पाण्याने धुवायची. सर्व्हिसिंगच्या जोराच्या फवाऱ्याने तिची पाती वाकतात.

उलट वेगात, सपाट रस्त्यावर, ६० ते ८० च्या दरम्यान, भर दुपारी, एसी लावून, पूर्ण मालासकट काटा नेहमीपेक्षा वर चढत असेल आणि पट्टी काढल्यापासूनच चढत असेल, तर पट्टी परत लावावी. ही परीक्षा घरच्या घरी होण्यासारखी आहे. गाडीच्या डॅशचा काटा बऱ्याचदा मधल्या जागी ठरवून स्थिर ठेवलेला असतो, त्यामुळे शक्य असेल तर मेकॅनिककडचा स्कॅनर लावून कूलंटचं खरं तापमान वाचावं : तोच रस्ता, तेवढाच माल, तीच दुपारची वेळ, एकदा पट्टीसकट, एकदा पट्टीशिवाय. डिझेलचा फरक असा मोजता येत नाही, तापमानाचा येतो.

आता जमिनीची बाजू, जिच्यामुळे हा सगळा प्रश्न उभा राहिला. पट्टी काढली की गाडी ‘उंच’ होते असं म्हणतात, ते अर्धंच खरं. गाडीच्या पोटाखालची सर्वांत खालची जागा म्हणजे सहसा मागचा गोळा. तो पट्टी काढल्याने एक सूतभरही वर जात नाही. दोन चाकोऱ्यांच्या मधला दगड गोळ्याला लागायचा तो लागणारच. बदलतो तो पुढच्या चढाचा कोन. चाकाच्या पुढे ७०० मिलिमीटरवर बंपरची कड ४०० मिलिमीटर उंच असेल, तर ढोबळमानाने ३० अंशांच्या चढाला नाक लागणार नाही. त्या कडेखाली १२० मिलिमीटरची पट्टी लोंबत असेल तर तोच कोन २२ अंशांवर येतो. या आठ अंशांतच रपट्याचं तोंड, पांदणीवरून बांधीत उतरण्याची जागा, आणि गावकऱ्यांनी स्वतः बांधलेला उभट गतिरोधक बसतो.

रपट्यांबद्दल थोडं थांबून सांगावं लागेल. इथल्या नाल्यांवर कमी उंचीचे रपटे पुष्कळ आहेत. दरवर्षी पाणी वरून वाहून जातं आणि दोन्ही टोकांचा मुरूम धुऊन नेतं. काँक्रीटची कड उघडी पडते आणि तिच्यापुढे खळगा तयार होतो. गाडी रपट्यावरून उतरते, पुढची चाकं खळग्यात जातात, ड्रायव्हर ब्रेक दाबतो, नाक आणखी खाली येतं आणि पट्टी कडेवर बसते. रिकामी गाडी यात जास्त सापडते, कारण मालाने मागचे पाटे बसतात तेव्हा नाक थोडं वर उचललं जातं. पट्टी एका बाजूने सुटली की चाकाखाली जाते, ब्रेकच्या होजला किंवा सेन्सरच्या वायरला ओढते. म्हणून एक बाब मी कसलीही अट न घालता सांगेन : अर्धी तुटलेली, तारेने बांधलेली पट्टी घेऊन गाडी चालवू नये. पूर्ण लावा किंवा पूर्ण काढा.

वाहत्या रपट्यावर तर पट्टी आहे की नाही हा प्रश्नच गौण आहे. पट्टी पाण्याची लाट पुढे ढकलते म्हणून इंजिनात पाणी कमी जातं, असं सांगून काहीजण ती पावसाळ्यात ठेवतात. उभ्या, गुडघ्याखालच्या पाण्यात यात थोडं तथ्य असेलही. पण पाण्याच्या दाबानेच क्लिपा निसटतात आणि पट्टी मागे वाकून आत घुसते. जोराच्या प्रवाहात दोन फूट पाणी बहुतेक गाड्या वाहून नेऊ शकतं, पिकअपसुद्धा. भामरागडला पर्लकोटा नदीचा पूर चढला की सगळा तालुका तुटतो. तिथले लोक पाणी उतरेपर्यंत थांबतात, आणि तेच बरोबर आहे.

धानाच्या हंगामात प्रश्न वेगळं रूप घेतो. नोव्हेंबर-डिसेंबरात बांध्या वाळलेल्या असतात, धुरे दगडासारखे घट्ट झालेले असतात, आणि धान उचलायला पिकअप थेट शेतात उतरते. कापलेल्या धानाचे खुंट आणि तणस पट्टीच्या मागे गोळा होते. तणस प्रोपेलर शाफ्टला गुंडाळली जाते, सायलेन्सरजवळ अडकते. बीएस-६ गाडीची धुराची गाळणी स्वतःला जाळून साफ करते तेव्हा तिथलं तापमान कित्येकशे अंशांवर जातं. कोरडी तणस आणि असा तापलेला भाग एकत्र आले तर आग लागू शकते. पट्टी असो-नसो, शेतातून निघताना खाली वाकून तणस काढणं आवश्यक आहे. पट्टी नसली तर ते निदान दिसतं आणि हात पोचतो.

मग येतो तेंदूचा हंगाम, आणि इथे दोन्ही बाजू एकमेकींना भिडतात. एप्रिलअखेरपासून मेभर गाड्या फळीवर, म्हणजे पानं गोळा होतात त्या जागी, जातात, त्या वाटा जंगलातल्या, दगड-मुळांच्या, म्हणजे पट्टी नको. उष्णता मात्र वर्षातली सर्वांत जास्त, आणि वाळलेला माल गोदामाकडे न्यायचा तो महामार्गाने, पूर्ण भरून, म्हणजे पट्टी हवी. माझं मत असं : फळीच्या वाटेवर वेग वीस-पंचवीसचा, तिथे पट्टी नसल्याने इंजिनचं काही बिघडत नाही, महामार्गावर काटा स्थिर राहत असेल तर काढलेलीच राहू द्यावी, भर दुपारऐवजी पहाटे निघावं. बांबूचंही तसंच. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा ग्रामसभेला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये स्वतःच्या बांबूचा वाहतूक परवाना देण्याचा अधिकार मिळाला. त्यानंतर ग्रामसभांचा माल गावातूनच गाडीत चढू लागला, आणि गाडीला डांबरापासून कूपापर्यंत आत जावं लागतं. अशी कामं करणाऱ्या गाडीने पट्टीचा मोह धरू नये.

ताडोब्याच्या गाड्यांबद्दलही विचारलं जातं. मोहर्ली किंवा कोलारा गेटमधून आत जाणाऱ्या वाहनांचा वेग मुळातच अगदी कमी ठेवलेला असतो, तिथे हवेचा रोध विचारात घेण्याचं कारणच नाही. चंद्रपूर-मूल रस्त्यावरही, जिथे दोन्ही बाजूंना वाघाचं जंगल आहे, पट्टीचा फायदा दिसेल अशा वेगाने रात्री कुणी जाऊ नये असंच मी म्हणेन. रानडुकराची किंवा चितळाची धडक पट्टीवर थांबत नाही.

पट्टी तुटल्यावर तिच्या जागी जे लावलं जातं, त्याची मला जास्त काळजी वाटते. लोखंडी पाइप, चॅनेल, जाड पत्रा वेल्ड करून ‘गार्ड’ केला जातो. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने असे क्रॅश गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा भंग करतात म्हणून राज्यांना कारवाई करायला सांगितलं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेत फेरफार करता येत नाही हे स्पष्ट केलं. कायद्याच्या पलीकडेही कारण आहे. प्लास्टिक लागल्यावर वाकतं, तुटतं, आणि धक्का तिथेच संपतो. वेल्ड केलेलं लोखंड तोच धक्का चेसिसला देतं, आणि समोर माणूस असेल तर त्याच्या पायाला. बोल्टने बसवलेली प्लास्टिकची पट्टी काढून ठेवणं आणि तिच्याजागी लोखंड चढवणं या दोन गोष्टी एका मापाने मोजता येणार नाहीत. तरी वॉरंटीतल्या गाडीची पट्टी काढण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारावं, आणि फिटनेसला गाडी नेताना ती लावून न्यावी. आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांतून एकदा आणि पुढे दरवर्षी तेवढे कष्ट फार नाहीत.

लोखंडाऐवजी रबराचा फ्लॅप हा मधला मार्ग काही जण काढतात. खाण भागात जुन्या कन्व्हेअर बेल्टचं रबर वापरता येतं, पण ते फार जाड आणि जड असतं. आपटलं की स्वतः न वाकता बोल्टच उखडतं. पातळ, मऊ, मूळ पट्टीच्या निम्म्या उंचीचं रबर चालेल. त्याने हवेचा फायदा थोडाच होईल, पण इंजिनखालचा दाब काही अंशी कमी राहील आणि दगडाला लागलं तर मागे वळून परत जागेवर येईल.

या सगळ्यात रस्ते बदलत आहेत, हे विसरता येत नाही. २००९ साली केंद्राने नक्षलप्रभावित ३४ जिल्ह्यांसाठी रस्त्यांची खास योजना आखली, त्यात गडचिरोली होतं. आज साकोलीपासून वडसा, आरमोरी, गडचिरोली, आष्टी, आलापल्ली करत सिरोंचापर्यंत जाणारा ३५३-सी हा राष्ट्रीय महामार्ग आहे, आणि धानोरा-गडचिरोली-मूल-चंद्रपूर हा ९३०. त्यांच्या सिमेंटच्या पट्ट्यांवर पिकअप आता खरोखर ८० ने जाते. त्याच महामार्गाचा आलापल्लीच्या पुढचा भाग मात्र वर्षानुवर्षे लोकांच्या तक्रारीचा विषय राहिला, आणि अवजड खनिज वाहतुकीने आष्टी-आलापल्लीकडचे रस्ते किती उखडले ते तिथला प्रत्येक प्रवासी जाणतो. त्यामुळे चंद्रपूर, वरोरा, राजुऱ्याच्या गाडीने पट्टी ठेवावी, आणि एटापल्ली, भामरागड, कोरची, सिरोंच्याच्या गाडीने ती जूनमध्ये काढून धान निघाल्यावरच परत लावण्याचा विचार करावा, असं आज म्हणता येतं. गडचिरोली, चामोर्शी, मूल इथल्या गाड्या दोन्हीकडे धावतात. त्यांना वर्षातून दोनदा पाना हातात घ्यावा लागेल.

तो पानाच आज नीट चालत नाही, ही खरी अडचण. बहुतेक पट्ट्या एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या क्लिपांनी बसवलेल्या असतात. काढताना निम्म्या तुटतात, आणि अहेरीत त्या क्लिपा मिळतीलच असं नाही. अमेरिकेत रॅम कंपनीने २०१९ च्या मॉडेलपासून अशी पट्टी दिली, जी ताशी ५६ किलोमीटरच्या आसपास आपोआप खाली उतरते आणि वेग कमी झाला की वर जाते. आपल्या आठ-दहा लाखांच्या मालवाहू गाडीला ती मोटार, ते सेन्सर नकोत. चिखलात ते पहिल्याच पावसात अडकतील. इथे हवेत साधे सहा मिलिमीटरचे बोल्ट, पितळी चकत्यांत बसणारे, दहाच्या पान्याने निघणारे, आणि पट्टीला दोन उंचींची भोकं. इतका बदल करायला कंपनीला फार खर्च येणार नाही. पिकअप विकणाऱ्या कंपन्यांच्या चंद्रपूर-गडचिरोलीतल्या डीलरांनी ही मागणी वर कळवली पाहिजे, आणि गाडी ताब्यात घेताना मालकांनीही ती लेखी करावी.